सांगलीत घरी मॉडेल रेल्वे करायचीय, ६ फुटी फळीवर काय बसेल? आणि गाड्या बघायला कुठं जाता?

विश्रामबागचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, घरात बसून गाडीचा हॉर्न ऐकू येतो, लहानपणापासून रेल्वेचं वेड आहे आणि वय वाढलं तसं ते वाढतच गेलंय. आता मुलगी सहावीत आहे, तिलाही तेच लागलंय, संध्याकाळ झाली की बाबा स्टेशनवर जाऊया म्हणून मागे लागते. आम्ही दोघांनी मिळून घरात छोटी मॉडेल रेल्वे करायचं ठरवलंय. बॅटरीवर गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी आणून झाली, ती नको. बघितल्यावर आपल्या भागातली वाटेल अशी पाहिजे.

हॉलमध्ये खिडकीखाली ६ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी बसते, त्याच्यापुढं सरकता येत नाही कारण बाजूला देवघर आहे. खर्चाचं म्हणाल तर महिन्याला दोन-तीन हजार काढू शकतो, एकरकमी मोठा आकडा जमणार नाही. माझ्या मनात कोयना एक्सप्रेस आहे, निदान ६ डबे आणि पुढं पुणे शेडचं, म्हणजे इंजिनं ठेवतात त्या आगारातलं, जुनं डिझेल. पण नेटवर एचओ, ओओ, एन, झेड, डीसी, डीसीसी वाचून डोकं गरगरायला लागलं. एका परदेशी कंपनीचा सेट दाखवला तर त्यात जर्मन गाडी आणि बर्फाचे डोंगर, पोरगी म्हणाली बाबा ही आपली गाडी नाही.

तर कुठलं स्केल घ्यावं, ६ फुटात कोयना बसते का, आणि मॉडेल करायच्या आधी खऱ्या गाड्या नीट बघायच्या असतील तर सांगली-सातारा पट्ट्यात कुठं जावं, हे जाणकारांनी सांगा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, आम्ही दोघं बसून वाचतो.

---

मिरजकर_मास्तर

नमस्कार. मुलीला घेऊन हे करताय याचा फार आनंद झाला. मी मिरजेचा, शाळेतून निवृत्त झालो, आता संध्याकाळ जंक्शनवर जाते.

मॉडेलचं स्केलवाले लोक सांगतीलच, मी बघण्याचं सांगतो. तुम्हाला लांब जायची गरजच नाही, मिरज तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १० रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते २ तास चालतं, आणि कोल्हापूर-पुणे मार्गावरची इंजिन जोडलेली एखादी एक्सप्रेस गाठा. कोल्हापूरची लाइन आणि पुण्याची लाइन मिरजेत एकाच बाजूने येतात, म्हणून गाडीची दिशा इथं उलटते आणि इंजिन एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. हे सगळं प्लॅटफॉर्मवरून अगदी जवळून दिसतं. माणूस खाली उतरतो, इंजिन आणि पहिल्या डब्याच्या मधे वाकतो, आधी ब्रेक पाइपचे कॉक बंद करतो, पाइप सोडला की हवेचा फुस्स आवाज येतो, मग कपलिंग सोडतो आणि बाहेर येऊन हात दाखवतो. इंजिन हळूच पुढं जातं, सांधा, म्हणजे रूळ जिथं फुटतात तो सरकता भाग, बदलतो, बाजूच्या लाइनने ते पूर्ण गाडीच्या कडेकडेने जाऊन दुसऱ्या टोकाला येतं, आणि जोडताना शेवटचे दोन-तीन फूट इतक्या नाजूकपणे येतं की डब्यातला चहा हलत नाही. मुलीला सांगा, सांध्याकडे बघ, आधी सांधा हलतो मग सिग्नल पडतो, ही क्रमवारी पक्की लक्षात ठेव. वंदे भारतला हे काही करावं लागत नाही, दोन्ही टोकांना केबिन आहे, सप्टेंबर २०२४ पासून पुणे-कोल्हापूर आणि पुणे-हुबळी अशा दोन्ही सुरू झाल्यात, त्याही बघायला चांगल्या आहेत पण शिकायला मिळतं ते इंजिन बदलताना.

आता कोयनेबद्दल. कोयना आमचीही लाडकी गाडी आहे, पण मिरजेच्या माणसाला विचाराल तर मी म्हणेन बार्शी लाइट करा. एकेकाळी मिरज स्टेशनात तिन्ही गेज, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे तिन्ही प्रकार, होते हो. पुण्याची लाइन मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, बंगळूरकडची मीटरगेज अजून होती, आणि पलीकडं पंढरपूर-कुर्डुवाडीची नॅरोगेज, अडीच फुटांची. जगात अशी स्टेशनं किती असतील? ही बार्शी लाइट रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने उभी केली. १८९७ ला बार्शी रोड म्हणजे आत्ताचं कुर्डुवाडी ते बार्शी, १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर आणि १९२७ ला मिरज. त्याचं गणित साधं होतं, रूळ हलके ठेवायचे आणि कुठल्याही एका आसावर ५ टनांच्या वर वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे वॅगन छोट्या असल्या तरी माल भरपूर जातो. वजन जास्त चाकांवर वाटायचं म्हणून इंजिनंही तशीच, लीड्सच्या किटसन कंपनीची ०-८-४ टँक इंजिनं (पुढं छोटी चाकं नाहीत, मधे ओढणारी ८, मागं छोटी ४), एवढ्याशा रुळावर एवढी चाकं. बार्शी लाइट गाजल्यावर त्याने इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन केली, ती १९०४ ला सुरू झाली आणि गेज पुन्हा तेच अडीच फूट. म्हणजे आपल्याकडं जमलेलं तिकडं नेलं. १९५४ ला सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली, आणि पुढं सगळी ब्रॉडगेज झाली.

आषाढीला ही गाडी ज्याने बघितली त्याला विसरणं शक्य नाही. वारकरी आत, दारात, टपावर, आणि टाळ वाजतोय. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, सगळी छोटी छोटी स्टेशनं. तुमच्या फळीवर असं एक स्टेशन अगदी मजेत बसेल असं मला वाटतं, मोजमापाचं जाणकार बघतील.

---

स्केल_सातारा

मास्तरांनी माझं अर्धं काम केलं. मी साताऱ्यात वर्षानुवर्षं हेच करतोय, त्यामुळे सरळ आकड्यांवर येतो, आकडे बघितले की डोकं गरगरायचं थांबतं.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, रुळातलं अंतर १६.५ मिमी. ओओ हे इंग्लंडचं, १:७६, पण रूळ तेच १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिमी. झेड म्हणजे १:२२०, ६.५ मिमी, ते सुरुवातीला नकोच.

आता कोयना. जुना आयसीएफ डबा २१.३ मीटर, एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. नवीन एलएचबी २३.५ मीटर, म्हणजे २७ सेंटिमीटर. ६ एलएचबी डबे म्हणजे एक मीटर ६२ सेंटिमीटर, त्यात डब्ल्यूडीएम डिझेल इंजिनचे २० सेंटिमीटर धरा. तुमची फळी ६ फूट म्हणजे १८३ सेंटिमीटर. गाडी बसली पण हलायला जागा नाही! आणि वळणाचं तर विचारूच नका, ओओ-एचओचं नेहमी मिळणारं लहान तयार वळण ३७१ मिमी त्रिज्येचं, गोल करायचा तर अडीच फुटांच्या वर रुंदी पाहिजे, तुमच्याकडं दीड फूट आहे. शिवाय त्या वळणावर २७ सेंटिमीटरचा डबा रुळाच्या इतका बाहेर येतो की बघवत नाही.

दुसरी गोष्ट बरेच जण सांगत नाहीत. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिमी, जगात बहुतेक ठिकाणी १४३५. १६७६ ला ८७ ने भागलं तर १९ मिमीच्या वर येतं, आणि बाजारात रूळ मिळतात १६.५ चे. म्हणजे भारतीय इंजिन एचओ रुळावर ठेवलं की चाकं आत गेल्यासारखी दिसतात, समोरून बघितलं की लगेच कळतं. बरेच लोक हे चालवून घेतात, मीही घेतो, पण माहिती असावी.

आता अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी. भागिले ८७ केलं की ८.८ मिमी. आणि एन स्केलचा रूळ ९ मिमी! म्हणजे इमारती, माणसं, बैलगाडी, झाडं सगळं एचओचं आणि गाडी एनच्या रुळावर, आणि हे प्रमाणात जवळजवळ बरोबर बसतं. जगभर नॅरोगेजवाले हेच करतात, एनच्या छोट्या इंजिनचा खालचा चासी, म्हणजे चाकं आणि मोटरचा सांगाडा, घेतात, काटो कंपनीचे छोटे चासी त्यासाठी लोक शोधून घेतात, आणि वरची बॉडी स्वतः करतात, प्लॅस्टिक शीटची नाहीतर थ्रीडी प्रिंट. शेवटच्या काळात बार्शी लाइनवर डिझेलही होती, पहिली बॉडी डिझेलची करा, चौकोनी खोकं असतं, जमतं. ०-८-४ वाफेचं नंतर, हात बसल्यावर. ट्रेन किती लांब होईल? इंजिन आणि ४ वॅगन मिळून अर्ध्या मीटरच्या आसपास. १८३ सेंटिमीटरमध्ये ती येईल, थांबेल, शंटिंग म्हणजे डबे सोडणं-जोडणं करेल, जाईल.

रूळ घेताना साधा एन रूळ घेतलात तर स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या, फार जवळजवळ दिसतात, खरे नॅरोगेज स्लीपर लांब लांब असतात. पेको कंपनीचा खास नॅरोगेजसाठी ९ मिमी रूळ येतो, तो घ्या. फ्लेक्स ट्रॅकचा, म्हणजे वाकवता येणाऱ्या रुळाचा, तुकडा साधारण एक यार्डाचा असतो, २ तुकड्यांत तुमची फळी संपली.

पैशाचं. बाहेरून मागवाल तर सांभाळून. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांची ६० केली आणि २०२३ ला ७०, त्यात हे मॉडेलही येतं, म्हणून वेबसाइटवरची किंमत बघून हुरळून जाऊ नका, कुरिअर आणि ड्युटी धरूनच हिशोब करा. मला एका ऑनलाइन दुकानाने पॉइंट, म्हणजे सांधा, म्हणून भलत्याच गेजचा पाठवला होता आणि परत घ्यायला महिना घालवला, तेव्हापासून ऑर्डरच्या आधी गेज मिमीमध्ये लिहून विचारतो. जुनं सामान ओळखीतून मिळालं तर सगळ्यात चांगलं.

आणि पुण्याला गेलात तर कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियम मुलीला दाखवाच. भाऊ जोशींनी आयुष्यभर जमवलेलं आणि हाताने केलेलं, १९९८ ला लोकांना खुलं केलं. सिग्नल, फ्युनिक्युलर, सर्कस, रात्र-दिवस सगळं चालतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा शो संपल्यावर लोक गेले तरी मी तिथंच उभा होतो.

---

कऱ्हाडी_अल्को

नाद खुळा धागा आहे हा! दादा मी कराडचा, इंजिनिअरिंगला आहे, तुम्ही कोयना सोडू नका एवढंच सांगायला आलो. वरच्या काकांचं गणित बरोबर आहे पण ते एचओचं झालं. एन स्केलमध्ये आयसीएफ डबा १३.३ सेंटिमीटर. ६ डबे ८० सेंटिमीटर, इंजिन धरून ९०-९१. बसती की आरामात! बॉडी तयार मिळत नाहीत हे मान्य, पण थ्रीडी प्रिंट करून देणारी पोरं आहेत, आमच्या कॉलेजातच मशीन आहे.

बघायला जागा. कराड ते मिरज पट्ट्यात शेणोली, भवानीनगर, ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी, नांद्रे, माधवनगर अशी स्टेशनं आहेत, कुठंही उतरा, गर्दी नाही, स्टेशनवर पिंपळ नाहीतर लिंब असतो, सावलीत बसायचं. किर्लोस्करवाडीचं मला लय आवडतं, आधी कुंडल रोड म्हणायचे, १९१० ला कारखाना आला आणि मग स्टेशनचं नावच ते झालं. शेणोलीला गेलात तर मुलीला सांगा की ७ जून १९४३ ला इथंच तुफान सेनेच्या लोकांनी इंग्रजांची पगाराची गाडी अडवून लुटली होती, प्रतिसरकारच्या वेळी. आमच्या गावातले म्हातारे अजून ते काल घडल्यासारखं सांगतात. मला जमलं तर मी त्या स्टेशनचं मॉडेल करणार आहे, मीटरगेजच्या काळातलं.

मी आवाजाचा माणूस आहे. अल्को इंजिन म्हणजे जुनं डिझेल, डब्ल्यूडीएम-२, डब्ल्यूडीएम-३ए वगैरे, चार स्ट्रोकचं, ते उभं असताना धडधड धडधड वेगळीच लागते, निघताना काळा धूर आणि छातीत बसणारा आवाज. ईएमडीवालं म्हणजे नवं डिझेल, डब्ल्यूडीपी-४डी वगैरे, ४५०० हॉर्सपॉवर, दोन स्ट्रोकचं, त्याचा आवाज एकसारखा घोंघावत चढतो. डोळे झाकून ओळखता येतं. आता आपली लाइन इलेक्ट्रिक झाली, दोन्ही आवाज कमी कमी होत चाललेत, म्हणून मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवतोय, गाडीचं नाव, तारीख, स्टेशन लिहून. कोणाला पाहिजे असतील तर देतो, पैसे नकोत.

आणि इंजिनवर शेडचं नाव लिहिलेलं असतं, पुणे, कल्याण, अजनी, हुबळी, ते वहीत लिहायची सवय लावा तिला. डब्याच्या नंबरातले पहिले दोन आकडे म्हणजे तो डबा कधी बनला ते साल. आमच्या इथं एकदा सगळ्या नव्या डब्यांत मधेच एक ९० च्या दशकातला डबा लागला होता, तो शोधून काढल्यावर असं वाटलं की आज काहीतरी कमावलं.

---

वाठार_स्टेशनची_लेक

नमस्कार. माझे वडील रेल्वेत होते, बालपण वाठार स्टेशनला गेलं, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

दादा, मुलीला घाट दाखवा. लोणंद सोडलं की सालपे, आदर्की आणि मग वाठार, हा चढ आहे. पावसाळ्यात श्रावण-भाद्रपदात गेलात तर दोन्ही बाजूला हिरवंगार आणि मधून गाडी वळत वळत येते, एकाच गाडीचं इंजिन आणि शेवटचा डबा दोन्ही खिडकीतून दिसतात. मालगाडी चढताना ऐकायची, तिचा आवाज आधी येतो आणि गाडी बऱ्याच वेळाने. एकेकाळी महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे लोक वाठारला उतरायचे आणि पुढं टांग्याने जायचे, म्हणून एवढ्याशा गावाच्या स्टेशनला एवढं महत्त्व. साताऱ्याचं स्टेशनही छान आहे, गावापासून लांब माहुलीकडे आहे म्हणून शांत, पण बघायला मला वाठारच आवडतं.

एक मात्र कडक सांगते, मुलगी बरोबर आहे म्हणून. प्लॅटफॉर्म सोडून रुळावर उतरायचं नाही, फोटोसाठी तर अजिबात नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पण दंडाचं सोडा, इलेक्ट्रिक गाडी किती कमी आवाजात येते हे ज्यांनी डिझेलच्या काळात बघायला सुरुवात केली त्यांना कळत नाही. वरची तार २५ हजार व्होल्टची आहे, पुलावरून, पादचारी जिन्यावरून सेल्फी स्टिक वगैरे बाहेर काढायची नाही. अंकलीच्या कृष्णेच्या पुलावर फोटो काढायला पोरं जातात, तो पूल नदीच्या काठावरून लांबून बघावा, तिथून जास्त चांगला दिसतो. आणि कॅमेरा घेऊन गेलात तर आधी स्टेशन मास्तरला भेटून सांगा की मुलीला गाड्यांची आवड आहे, आम्ही फोटो काढतोय. माझा अनुभव आहे, बहुतेक जण स्वतःच सांगतात की आता अमुक मालगाडी येतीय, थांबा.

मॉडेलमध्ये मला निसर्ग करायला आवडतो. त्यासाठी परदेशातून काही मागवू नका, आपण दिवाळीला किल्ला करतो ना, तेच हात इथं लागतात. डोंगर थर्माकोलचा, वर कागदाचा लगदा नाहीतर पीओपी. रुळाखालच्या खडीसाठी क्रशरवर जा आणि डस्ट मागा, ओंजळभर कोणीही देतं. चहाच्या गाळणीतून चाळा, गाळणीतून खाली पडेल त्यातली पीठ झालेली धूळ मैद्याच्या चाळणीने काढून टाका, मधली राहते ती घ्या. खरी खडी ६५ मिमीची धरली तर एचओला पाऊण मिमीचा दाणा येतो, तो बरोबर मिळतो. आणि रंग द्यायला लागत नाही, कारण आपल्याकडच्या रुळाखाली हाच काळा दगड आहे! हे मला फार आवडतं, मॉडेलखाली खरा सह्याद्रीचा दगड. रवा वापरू नका, मुंग्या लागतात.

खडी कोरडीच पसरायची, ब्रशने स्लीपरच्या मधे बसवायची, मग अत्तराच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि फेविकॉल पाण्यात पातळ करून, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, सिरिंजने थेंब थेंब सोडायचं. साबण नसला तर थेंब खडीवर गोळा होऊन बसतो, आत जात नाही. एक रात्र हात लावायचा नाही. झाडांसाठी घाणेरीच्या वाळक्या फांद्या, आणि पाल्यासाठी जुना स्पंज पाण्यासकट जुन्या मिक्सरमधून काढून रंगवायचा. बाभळीचा हिरवा आणि आंब्याचा हिरवा वेगळा असतो तेवढं बघा, आपल्या भागात बांधावर बाभळ पाहिजेच. आणि उन्हाळ्यातलं मॉडेल करा, वाळलेलं पिवळं गवत जमायला सोपं आणि खरं वाटतं, हिरवंगार केलं की कोकण दिसतं.

---

विश्रामबागचा_प्रवासी

एवढं सगळं! मनापासून आभार. काल रात्री मुलीबरोबर बसून वाचलं, तिने वहीत १६७६ भागिले ८७ स्वतः करून बघितलं आणि मग वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या कापून फळीवर ठेवल्या, एक एचओच्या कोयनेची, एक एनची आणि एक नॅरोगेजची. नॅरोगेजची पट्टी ठेवल्यावर म्हणाली बाबा, इथं स्टेशनला पण जागा उरते, चिंचेच्या झाडाला पण. म्हणजे बार्शी लाइट पक्की. कऱ्हाडी भाऊ, कोयना वरच्या फळीवर नंतर करू, तुमचे आवाज मात्र आत्ताच पाठवा.

तिची एक मागणी आहे, २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी जायची, जलदूत, तिच्या आजोबांनी तिला सांगितलंय. ती मॉडेलमध्ये पाहिजे म्हणते. नॅरोगेजवर कशी बसवायची?

आणि स्केल साहेब, गाडी नुसती पुढं-मागं झाली तर पोरीला कंटाळा येईल का? डीसी की डीसीसी? आणि या महिन्यात पहिलं काय घेऊ?

---

मिरजकर_मास्तर

जलदूत ब्रॉडगेजवर गेली होती, म्हणून ती नॅरोगेज रुळावर दाखवू नका, मुलीलाही ते पटेल. त्या एप्रिलमध्ये पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, प्रत्येकी ५० हजार लिटर, मग ५० टाक्यांची गाडी, २५ लाख लिटर. टाक्या कोटा वर्कशॉपला वाफेने धुऊन आणल्या होत्या. मी स्टेशनवर उभा होतो, लोक हात जोडत होते गाडीला. फळीच्या मागच्या कडेला ब्रॉडगेज रुळाचा एक तुकडा टाका, त्यावर उभ्या दोन-तीन टाक्या ठेवा, चालवायची गरज नाही. दोन्ही एका वेळी नव्हत्या हे मला मान्य, पण मिरज यार्डात ब्रॉडगेज आणि नॅरोगेज शेजारी शेजारी होते हे शंभर टक्के खरं आहे, आणि तिला दोन्ही हवं असेल तर करू द्या. रविवारी सायंकाळी जंक्शनवर असतो, पंढरपूर बाजूच्या टोकाला, या दोघं. नॅरोगेज कुठून जायची ती जागा दाखवतो.

---

स्केल_सातारा

कंटाळा येणार नाही, त्यासाठी शंटिंगचा खेळ आहे. इंग्लंडच्या ॲलन राइट नावाच्या गृहस्थाने इंग्लनुक म्हणून एक मांडणी केली, फक्त २ पॉइंट आणि ३ साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, एकात ५ वॅगन मावतात आणि दोनांत ३-३. एकूण ८ वॅगन. चिठ्ठ्या टाकून ५ वॅगनचा क्रम काढायचा आणि इंजिनने ढकलून-ओढून त्याच क्रमाने गाडी तयार करायची, हाताने उचलायचं नाही. ८ मधून ५ च्या क्रमांची संख्या ६७२० होते, म्हणजे रोज एक खेळला तरी अठरा वर्षं पुरतो. वॅगन ९ सेंटिमीटर धरली तर हे सगळं चार फुटांच्या आत बसतं, उरलेल्या दोन फुटांत स्टेशन आणि तिची चिंच. वॅगनना वेगवेगळा माल द्या, ज्वारीची पोती, गूळ, कापसाचे गठ्ठे, केरोसीनची टाकी, म्हणजे चिठ्ठीवर नंबर लिहायच्या ऐवजी मालाचं नाव लिहिता येतं.

एकच इंजिन चालणार असेल तर डीसी पुरे, १२ व्होल्टचा चांगला अडॅप्टर आणि स्पीड कंट्रोलर, पुढं-मागंसाठी एक स्विच. डीसीसीमध्ये प्रत्येक इंजिनात छोटा डिकोडर असतो आणि एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता येतात, आवाजही बसवता येतो, पण ते दुसरं इंजिन आल्यावर. कऱ्हाडी भावाचे आवाज तोवर फळीखाली छोटा स्पीकर लावून वाजवा.

फळीला मात्र कंजूषी नको, १२ मिमी प्लाय आणि खाली लाकडाच्या पट्ट्यांची चौकट. आपल्याकडं पावसाळ्यात साधी फळी वाकते आणि रुळाच्या जोडात फट पडली की गाडी तिथंच थांबते. मिरजेत सतारमेकरांकडे काम करणारे कारागीर असतात, तुमच्या ओळखीत कोणी असेल तर चौकट त्याच्याकडून करून घ्या, लाकूड कुठं खेचतं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

या महिन्यात प्लाय, चौकट आणि एक फ्लेक्स ट्रॅक, बस. पुढच्या महिन्यात २ पॉइंट, त्याच्या पुढं चासी. तोवर वॅगनच्या बॉडी पुठ्ठ्याच्या करून बघा, मुलीला कटरऐवजी कात्री द्या. पॉइंट सुरुवातीला हाताने बदलायचेच घ्या, मोटर नंतर लावता येते, फक्त रूळ चिकटवायच्या आधी पॉइंटच्या खाली प्लायला भोक पाडून ठेवा, खडी बसल्यावर ते पाडता येत नाही.